बोर्डो बघायला जायचं होतं

आमच्या घरी 'बोर्डो' हा शब्द मी चालायला लागायच्या आधीपासून ऐकतेय. द्राक्षावर फवारायचं औषध ते. शंभर लिटर पाणी, एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, मग एकत्र करायचं आणि लोखंडी विळा बुडवून बघायचं. विळ्यावर तांबूस थर धरला तर चुना कमी पडलाय, अजून घालायचा. तासगाव तालुक्यातल्या कुठल्याही द्राक्षवाल्याच्या घरातलं पोर हे झोपेतसुद्धा सांगेल. पण बोर्डो हे एका गावाचं नाव आहे, ते फ्रान्समध्ये आहे आणि हे मिश्रण तिथूनच आलंय, हे आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी कॉलेजात असताना पहिल्यांदा सांगितलं.

गोष्टही अशी की आबांना ती फार आवडली. बोर्डोजवळ मेडॉक म्हणून भाग आहे. तिथले बागायतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे, कारण येणारे-जाणारे द्राक्षं तोडायचे. घड निळे-पांढरे दिसले की कुणी हात लावत नसे. १८८२ साली मियार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की रस्त्याकडेच्या या वेलींवर डाऊनी, म्हणजे पानं झडवणारा बुरशीचा रोग, आलेलाच नाही, आतल्या वेली मात्र झडून गेल्यात. त्यावर काम करून त्यांनी १८८५ साली हे मिश्रण जगापुढं मांडलं. आबा म्हणाले, "म्हणजे चोरांच्या भीतीनं औषध सापडलं. आपल्याबी रस्त्याकडंच्या दोन वळी अशाच जात्यात की." आणि थोड्या वेळानं, "एकदा ते गाव बघाय पायजे."

ते बघायला दोन अर्ज लागले. पहिला २०२३ सालचा, तो नामंजूर झाला. दुसरा २०२५ सालचा. दोन्हींत माणसं तीच होती, जमीन तीच होती, पैसाही जवळपास तेवढाच होता. बदलले ते कागद, आणि ते का बदलले हे सांगण्यासाठीच लिहितेय. आमच्यासारखी पुष्कळ घरं आहेत. शेती चांगली आहे, खात्यात पैसा आहे, मुलं म्हणतात आई-वडिलांना एकदा परदेश दाखवू, आणि व्हिसाच्या कागदांची यादी बघितली की वाटतं, ही यादी आपल्यासाठी लिहिलेलीच नाही.

२०२३ साली मी सगळं एका एजंटाकडं सोपवलं होतं. कुपवाडच्या कारखान्यात मी हिशेब विभागात आहे. मार्च-एप्रिलमध्ये मान वर काढायला सवड नसते. त्यांनी फोनवर माहिती घेतली, आधार आणि पासपोर्टच्या प्रती घेतल्या आणि म्हणाले, "ताई, फ्रान्सच्या अपॉइंटमेंट मिळेनात. शेजारच्या देशाची लगेच मिळतेय, तिथं टाकू. शेंगेन एकच असतं." शेंगेन म्हणजे युरोपातल्या पुष्कळ देशांचा मिळून एकच व्हिसा. मला ते पटलं. आबांच्या खात्यात शिल्लक कमी दिसत होती, तर ते म्हणाले कुणाकडून तरी चार लाख फिरवून घ्या, व्हिसा झाला की परत करा. माझ्या भावानं त्याच्या खात्यातून टाकले. तेही मला त्या वेळी खटकलं नाही.

निकाल आला तेव्हा माझ्या पासपोर्टवर व्हिसा होता. आई आणि आबांच्या पासपोर्टात एकेक छापील कागद. त्या कागदावर नामंजुरीच्या कारणांची ठरलेली यादी असते आणि लागू असेल त्यावर खूण केलेली असते. दोघांच्याही कागदावर दोन खुणा होत्या. एक, प्रवासाचं कारण आणि राहण्याची व्यवस्था याबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह नाही. दुसरी, व्हिसाची मुदत संपण्याआधी तुम्ही परत जाल याबद्दल वाजवी शंका आहे.

मी आबांना दुसरी खूण मराठीत सांगितली. ते कितीतरी वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बाग सोडून मी कुठं जाणार हाय? मी तासगावला तालुक्याला गेलो तरी सांजच्याला घरी असतो." आई म्हणाली, "आपल्याला चोर समजले व्हय गं?" माझा व्हिसा मी वापरला नाही. एकटीनं जाऊन काय करणार होते? पण आईच्या त्या वाक्यानं मला नंतर दोन वर्षं सोडलं नाही.

मी एजंटाकडून आमच्या फायलीची प्रत मागून घेतली आणि एका रविवारी पहिल्यांदा सगळी वाचली. ती आधीच वाचायला हवी होती. आबांच्या व्यवसायापुढं 'निवृत्त' लिहिलं होतं. शेतकरी लिहिलं तर प्राप्तिकराचं विवरणपत्र मागतात, म्हणून. खर्च मुलगी करणार असं दाखवलं होतं, म्हणजे आबा माझ्यावर अवलंबून. प्रवासाच्या पत्रात आयफेल टॉवरनंतर दोन दिवस डिस्नेलँड होतं. माझ्या आबांना डिस्नेलँड हे नावही माहीत नव्हतं. हॉटेलची आरक्षणं अर्ज दिल्यावर दोन दिवसांत रद्द केलेली. आणि ज्या देशाकडं अर्ज केला तिथं आमच्या फक्त दोन रात्री होत्या, फ्रान्समध्ये सहा. शेंगेनचा नियम सरळ आहे: जिथं सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाकडं अर्ज करायचा, दिवस सारखे असतील तर जिथून आत शिरणार त्या देशाकडं. २९ देशांना एकच व्हिसा चालतो हे खरं, पण तो कुणाकडं मागायचा हे आपल्या सोयीवर नसतं.

ती फाईल वाचून झाल्यावर मला त्या अधिकाऱ्याचा राग राहिला नाही. त्याच्यापुढं आबा कधी आलेच नव्हते. त्याच्यापुढं आला होता उत्पन्न नसलेला, मुलीवर अवलंबून असलेला एक निवृत्त म्हातारा, ज्याच्या खात्यात दहा दिवसांपूर्वी अचानक चार लाख आले होते. असा माणूस परत येईल का, अशी शंका मलाही आली असती.

नामंजुरीविरुद्ध दाद मागता येते. तिची मुदत आणि पद्धत प्रत्येक देशाची वेगळी असते आणि त्या कागदावरच लिहिलेली असते. आम्ही मागितली नाही, कारण आमची बाजूच चुकीची मांडली गेली होती. तीच पुन्हा काय मांडणार?

दुसऱ्या वेळी मी आधी तारखा धरल्या. द्राक्षवाल्याला सुट्टी अशी नसतेच. जानेवारीपासून माल सुरू होतो, तो संपेपर्यंत एप्रिलची खरड छाटणी, मग काडी तयार होईपर्यंत विरळणी, शेंडा, फवारण्या. सप्टेंबरात ऑक्टोबर छाटणीची तयारी. मधे जुलैअखेर ते गणपती एवढीच काय ती उसंत. २०२५ साली नागपंचमी २९ जुलैला होती आणि गणपती २७ ऑगस्टला. आम्ही ३ ऑगस्टच्या रात्री निघून १३ ला परत निघायचं ठरवलं. नऊ रात्री: पाच बोर्डो, चार पॅरिस. सगळ्या एकाच देशात, म्हणजे कुणाकडं अर्ज करायचा हा प्रश्नच मिटला. आईचा एकच आक्षेप होता, ९ तारखेला राखी पौर्णिमा. मामांची राखी आधीच पोचवायची असं ठरलं तेव्हा ती तयार झाली.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. मी मुद्दाम जून धरला. बँकेचा सहा महिन्यांचा उतारा द्यायचं मी ठरवलं होतं, आणि डिसेंबर ते मे हा काळ धरला की द्राक्षाचे आणि उसाचे पैसे त्यात आपोआप दिसतात. नोव्हेंबरात अर्ज केला असता तर त्याच खात्यात खतं-औषधांचा खर्च तेवढा दिसला असता. शेतकऱ्यानं अर्जाचा महिना पिकाकडं बघून ठरवावा, हे मला यादीत कुठं वाचायला मिळालं नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

आता उत्पन्नाचं. यादीत प्राप्तिकराचं विवरणपत्र मागितलं होतं. शेतीच्या उत्पन्नाला प्राप्तिकर नाही, आबांचं दुसरं उत्पन्न नाही, त्यामुळं विवरणपत्रही नाही. यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. मी पत्रात दोन ओळींत तसं लिहिलं आणि त्या जागी दुसरे कागद लावले: सातबारा आणि आठ-अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा), तलाठ्याच्या अहवालावरून तहसील कार्यालयातून मिळालेला उत्पन्नाचा दाखला, साखर कारखान्याची ऊसबिलं, द्राक्षाच्या व्यापाऱ्याच्या पट्ट्या (म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) आणि बेदाण्याच्या सौद्याच्या पट्ट्या. सातबारा डिजिटल सहीचा घेतला, महाभूमीच्या संकेतस्थळावर पंधरा रुपयांत मिळतो. त्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, ते परदेशी माणसालाही कळतं. आमचं जमिनीचं खातं चुलत्यांबरोबर सामाईक आहे, म्हणून आबांच्या वाट्याला किती येतं तेही वेगळं लिहिलं: २ हेक्टर २ आर, म्हणजे आपले पाच एकर. दोन एकर द्राक्ष, तीन एकर ऊस.

मराठीतला एकही कागद मी भाषांतराशिवाय लावला नाही. इंग्रजी भाषांतर करून नोटरी केलं. सातबाऱ्याचं भाषांतर करणाऱ्याकडून 'भोगवटादार वर्ग १' चं काहीतरी भलतंच झालं होतं, ते परत करून घेतलं. आपण स्वतः वाचल्याशिवाय भाषांतरावर विसंबू नये.

मला सगळ्यात जास्त रात्री लागल्या त्या बँकेच्या उताऱ्याला. पगारदाराच्या खात्यात दर महिन्याला ठरलेली रक्कम येते. आबांच्या खात्यात पाच-पाच आठवडे काहीच येत नाही आणि मग एक दिवस अडीच लाख. आठ दिवसांनी पुन्हा एक लाख सत्तर हजार. व्हिसासाठी कुणीतरी पैसे टाकले, असंच ते दिसतं. २०२३ ला खरंच कुणीतरी टाकले होते, आता खरे होते, पण कागदावर दोन्ही सारखेच दिसत होते. मग मी जे कारखान्यात करते तेच केलं. एका पानावर तक्ता काढला. जमेची तारीख, रक्कम, कशाचे पैसे, आणि सोबतच्या कोणत्या पट्टीवर ते दिसतात तिचा क्रमांक. उताऱ्यावर तेच क्रमांक पेन्सिलीनं. पट्टीवरची रक्कम आणि जमा रक्कम यांत फरक होता तिथं कारण लिहिलं, उदाहरणार्थ पीककर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीची वसुली ऊसबिलातून कापलेली. चौदा जमा होत्या, चौदाच्या चौदा जुळल्या. त्या रात्री मला आपण जिंकलो असं वाटलं, निकाल लागायच्या आधीच.

सोसायटीच्या पीककर्जाचा कागद लावायला आबांचा विरोध होता. "कर्ज हाय हे त्यांना कशाला सांगायचं?" मला वाटत होतं की सांगावं. छाटणीला माणूस हजर नसेल तर पीक नाही, पीक नसेल तर कर्ज फिटत नाही, आणि गावात पत जाते. परत येण्याचं याहून मोठं कारण कोणतं असणार? शेवटी आबांनी हो म्हटलं. छाटणीच्या टोळीला दिलेल्या उचलीची पावतीही त्यांनीच मग वहीतून काढून दिली.

खर्च कुणी करायचा यावर मात्र चर्चाच झाली नाही. "माझा आणि तुझ्या आईचा मी करणार. लेकीच्या पैशानं न्हाई." अर्जात व्यवसाय शेतकरी, आणि खर्च स्वतःचा. फ्रान्सचा अर्ज त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर भरायचा असतो. व्यवसायाच्या यादीत शेतकरी असा पर्याय होताच, मागच्या वेळी तो निवडायचं धाडस कुणी केलं नव्हतं एवढंच. खर्चाचा हिशेबही त्यांनी ठरवून दिलेला असतो. हॉटेलचं आरक्षण असेल तर माणशी दिवसाला ६५ युरो, नसेल तर १२०. नऊ-दहा दिवसांना दोघांचे किती होतात ते मांडून दाखवलं आणि खात्यात त्याहून बरेच जास्त आहेत हेही.

नावांची गोष्ट बायकांच्या बाबतीत वेगळी काळजी मागते. आईचं माहेरचं नाव शकुंतला, लग्नात सुमन झालं. पासपोर्टवर सुमन, बँकेत सुमनबाई, मतदार यादीत आणखी तिसरं. बँकेत आधार देऊन 'बाई' काढून घेतलं, त्याला तीन हेलपाटे पडले. अर्जात जन्माच्या वेळचं आडनाव असा वेगळा रकाना असतो. तिथं माहेरचं आडनाव लिहायचं असतं. मागच्या वेळी तिथं सासरचंच होतं. माझंही तेच, आणि माझं आडनाव आई-आबांपेक्षा वेगळं, म्हणून मी त्यांची मुलगी आहे हे दाखवायला माझा जन्मदाखला आणि विवाह नोंदणीचा दाखला दोन्ही लावले. आणखी एक. आपल्या पासपोर्टात नावाच्या ओळीत स्वतःचं आणि नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव एकत्र येतं, आडनाव वेगळ्या ओळीत. तिकीट, विमा, हॉटेल सगळीकडं नाव तसंच्या तसं असावं. एका हॉटेलनं आईच्या नावातलं आबांचं नाव गाळलं होतं, मी कळवून दुरुस्त करून घेतलं. घरात सगळ्यांना ते जास्तीचं वाटलं, पण मी कुठंही फट ठेवणार नव्हते.

पासपोर्टाचे नियम सोपे आहेत. गेल्या दहा वर्षांतला हवा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने मुदत हवी, दोन पानं कोरी हवीत. विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, राहण्याच्या पूर्ण काळाचा. यात दवाखान्याचा तातडीचा खर्च आणि माघारी आणण्याचा खर्च आला पाहिजे. आबांचं वय अडुसष्ट, त्यामुळं हप्ता माझ्या दुपटीहून जास्त लागला. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, फिकट रंगाची साधी पार्श्वभूमी. स्टुडिओवाल्यानं आईचा चेहरा उजळ करून दिला होता, तो परत करायला लावला. आईला तो आवडला होता, तो तिनं घरी ठेवून घेतला.

विमानाचं तिकीट व्हिसाआधी विकत घेऊ नका असं तेच सांगतात, आरक्षण पुरतं. हॉटेलं मी रद्द करता येतील अशीच घेतली, पण खरी घेतली, जिथं राहायचं तीच. निकालापर्यंत एकही रद्द केलं नाही, आणि पुढं राहिलोही तिथंच.

राहिलं पत्र. जाण्याचं कारण सांगणारं पत्र सगळेच लावतात आणि सगळ्यांचं एकसारखं असतं. मी आबांना अंगणात बसवलं आणि विचारलं, तुम्हाला तिथं का जायचंय ते सांगा, मी लिहून घेते. ते मराठीत लिहून घेतलं, मग इंग्रजीत केलं. त्यात विळ्याची परीक्षा होती, मेडॉकच्या रस्त्याकडच्या वेली होत्या, "आम्ही वर्षातून दोनदा छाटतो, तिथं एकदाच छाटतात म्हणे, ते बघायचंय" हे होतं. मेडॉकमधल्या एका छोट्या बागेला मी ईमेल केला होता. त्यांनी ७ ऑगस्टला सकाळी दहा वाजता या असं उत्तर दिलं, तेही जोडलं. आणि २०२३ ची नामंजुरी मी स्वतःहून लिहिली. फिंगरप्रिंट आणि अर्ज त्यांच्या सामाईक यंत्रणेत पाच वर्षं राहतात, त्यांना ते दिसणारच होतं. त्या अर्जात व्यवसाय चुकीचा लिहिला होता, रक्कम भावाची होती, या वेळी खरं काय ते सोबत आहे, असं तीन वाक्यांत लिहिलं. हात थरथरत होता लिहिताना. पण लिहून झाल्यावर हलकं वाटलं.

९ जूनला पुण्याच्या अर्ज केंद्रात वेळ मिळाली. दुसऱ्या दिवशी वटपौर्णिमा, आईला रात्री घरी परत यायचंच होतं. पहाटे तीनला गाडी काढली. केंद्रातली माणसं निर्णय घेत नाहीत. ती कागद तपासून, शुल्क घेऊन पुढं मुंबईच्या फ्रेंच वाणिज्य दूतावासाकडं पाठवतात. मागच्या वेळी मोठ्यांचं शुल्क ८० युरो होतं, जून २०२४ पासून ते ९० झालंय, शिवाय केंद्राचं सेवाशुल्क. व्हिसा मिळो न मिळो, परत येत नाही. एसएमएस, वेगळी बैठक, प्रती काढून देणं या सेवा ऐच्छिक असतात. आम्ही कुरिअर तेवढं घेतलं.

बोटांचे ठसे ५९ महिने चालतात, म्हणून २०२३ चेच चालतील अशी माझी आशा होती. आणि त्या वेळी ते घेताना जे झालं ते पुन्हा नको होतं. आबांच्या बोटांवर रेषा उरलेल्या नाहीत. छाटणीनंतर डोळे फुटायला काडीला पेस्ट लावतात ती, मोरचूद, गंधक, वर्षानुवर्षं. रेशनच्या दुकानातसुद्धा त्यांचा अंगठा लागत नाही. २०२३ ला त्या काचेवर सहा-सात वेळा बोटं टेकवावी लागली होती, मागं रांग थांबलेली, आणि आबा प्रत्येक वेळी शर्टाला हात पुसत होते, जणू हात मळके आहेत म्हणून येत नाहीत. या वेळी खिडकीतल्या मुलीनं संगणकात बघितलं आणि म्हणाली, "काका, तुमचे ठसे आहेत आधीचे. लागणार नाहीत." आबांनी हात तसेच मागं घेतले आणि माझ्याकडं बघून हसले.

तिनं फाईल चाळली. तक्त्यापाशी थांबली, दोन पट्ट्या उलटून क्रमांक जुळवून बघितले. "हे कुणी केलं?" मी म्हटलं, मी. ती काही बोलली नाही, पण सगळा गठ्ठा नीट सरळ करून वर क्लिप लावली. आबांना विचारलं, "काय करता तुम्ही?" आबा म्हणाले, "बाग हाय. द्राक्षाची." मागच्या वेळी हाच प्रश्न आला असता तर कागदाशी त्यांचं उत्तर जुळलंच नसतं.

साधारण पंधरा दिवसांत निर्णय होतो, कधी पंचेचाळीसपर्यंतही जातो. आमचं पाकीट सोळाव्या दिवशी आलं. मी कामावर होते, आईनं फोन केला, "पाकीट आलंय, उघडू नको म्हणालीस म्हणून ठेवलंय देवापुढं." संध्याकाळी गेले. आबा बागेतून आलेले, हात धुऊन ओट्यावर बसलेले. तिन्ही पासपोर्टांत हिरवट चिकटपट्टी होती.

व्हिसा आला की आनंदात पासपोर्ट कपाटात जातो, तसं करू नका. नाव आणि पासपोर्ट क्रमांक अक्षर न् अक्षर जुळवून बघा. 'पासून-पर्यंत' या तारखा आणि 'राहण्याचे दिवस' या दोन वेगळ्या गोष्टी असतात. आम्हाला तारखांचा अवधी लांबलचक मिळाला होता, पण आत राहण्याचे दिवस मोजके. कितीही मोठ्या अवधीचा व्हिसा असला तरी कुठल्याही १८० दिवसांत ९० पेक्षा जास्त राहता येत नाही. आणि व्हिसा म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे. पॅरिसला उतरल्यावर खिडकीतला अधिकारी हॉटेल, परतीचं तिकीट, विमा विचारू शकतो. म्हणून ते कागद मोठ्या बॅगेत टाकायचे नाहीत, हातातल्या पिशवीत ठेवायचे. आमच्याकडं त्यानं फक्त परतीची तारीख विचारली. मी सांगायच्या आत आबा हाताची बोटं दाखवून मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "थर्टीन ऑगस्ट. होम." त्यानं शिक्का मारला.

पॅरिसहून बोर्डोला वेगवान रेल्वेनं दोन तास लागतात. ७ तारखेला सकाळी त्या बागेत गेलो. मालक आमच्या आबांच्याच वयाचे, बारीक, उन्हानं रापलेले. भाषा मी आणि त्यांची सून मिळून जुळवत होतो. आबा मात्र कुणासाठी थांबले नाहीत. पहिल्याच ओळीत वाकून पान उलटलं, खालून बघितलं, पुन्हा वरून बघितलं. पानावर निळसर डाग होते. आबांनी त्यावर बोट फिरवून बोटाचं टोक मालकांपुढं धरलं आणि म्हणाले, "मोरचूद."

सुनेनं विचारलं ते काय म्हणतायत. मी सांगितलं. मालकांनी मान हलवली आणि म्हणाले, "बुयी बोर्दलेझ." आबांनी ते दोनदा म्हणून बघितलं. मग मला म्हणाले, "विचार की, चुना किती घालत्यात?"

पुढचा तासभर ते दोघं ओळींतून चालत होते आणि मी मागं.

आठव्या दिवशी, पॅरिसमध्ये, नदीकाठच्या बाकावर बसल्या बसल्या आबांनी टोळीच्या मुकादमाला फोन लावला. छाटणीची तारीख पक्की केली. १४ तारखेला मुंबईत उतरलो, दुपारी गावी पोचलो. आईनं चहा टाकला, आबा चप्पल न काढता बागेकडं गेले. मी पासपोर्टावरच्या येण्या-जाण्याच्या शिक्क्यांच्या प्रती काढून त्याच फायलीत, चौदा जमांच्या तक्त्यामागं लावून ठेवल्या.